चार माणसांचा तंबू

२० एप्रिल, सोमवार

ही डायरी खताच्या दुकानदारानं जानेवारीत फुकट दिली होती. आजवर माझी बायको करिमा तिच्यावर गरम पातेलं ठेवायची. आज मी ती पुसून लिहायला घेतली, कारण नौशीनच्या बाईंनी सुट्टीत रोज डायरी लिहायला सांगितली आहे आणि नौशीन म्हणते, अब्बा लिहिणार असतील तरच मी लिहिणार. आठ वर्षांची पोर, पण अटी घालायला लागली की वकील बरा.

तर मी मकसूद. बारामतीत माझा मंडपाचा धंदा आहे. लग्न, साखरपुडा, बारसं, सभा, कुणाचंही काहीही असो, मांडव आमचा. वीस वर्षांत माझा एकही मांडव पडलेला नाही. हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवतो, कारण घरात आता हे वाक्य कुणी पुरतं ऐकून घेत नाही.

आज करिमाच्या भावानं, नईमनं, पुण्याहून फोटो पाठवले. धरणाच्या काठाला तंबू, तंबूपुढं खुर्ची, खुर्चीत नईम, नईमच्या हातात भाजलेलं कणीस. नौशीननं फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाली, "अब्बा, आपल्या गोडाउनात एवढी कापडं हायत आणि आपण एकदा पण तंबूत झोपलो न्हाय."

दानिश पाच वर्षांचा आहे. त्याला तंबूत आत्ताच झोपायचं होतं, म्हणून तो टेबलाखाली जाऊन झोपला.

मी म्हणालो, जाऊ की. स्वयंपाकघरातून करिमाचा आवाज आला, "कधी?" तिचंही बरोबर आहे. एप्रिल-मे म्हणजे आमचा सीझन, मी सगळा उन्हाळा दुसऱ्यांच्या दारात असतो. पण यंदा सतरा मेला अधिक महिना लागतोय. महिनाभर हिंदूंची लग्नं बंद. बारामतीत भटजींच्या खालोखाल पंचांग मलाच पाठ असेल. म्हटलं, एकवीस मे, गुरुवार, ईदच्या आधी, बावड्याला तात्याबाच्या शेतात. तात्याबा म्हणजे माझा सगळ्यात जुना कारागीर.

"नक्की?" नौशीननं विचारलं.

"नक्की."

"मग लिवा." म्हणून लिहितो. एकवीस मे. नक्की.

२४ एप्रिल, शुक्रवार

ऑनलाइन मागवलेला तंबू आला. 'चार माणसांचा, तीन सेकंदांत उघडतो.' हे मात्र खरं निघालं. मी नुसती पट्टी सोडली, तंबू हॉलमध्ये उघडला आणि शोकेसवरची फुलदाणी, माझा चष्मा आणि ईदच्या फोटोची फ्रेम घेऊन स्थिर झाला.

आता तो मिटत नाही. गोडाउनवरून दोन माणसं बोलावली. पाचशे पानांच्या जेवणावळीचं छत डोळे झाकून घडी करणारी माणसं, पण तंबू एका बाजूनं दाबला की दुसऱ्या बाजूनं उठतो. करिमा म्हणाली, "व्हिडिओ बघा त्यातला." मी नाही बघितला. मांडववाल्यानं कापडाची घडी व्हिडिओत बघून घालायची? मग न्हाव्यानं पण बघून दाढी करावी.

दानिश आत बसून आहे. जेवण तिथंच पाहिजे म्हणतो.

नौशीन आत आडवी झाली. शेजारी दानिश, मग हातानं मोजून अम्मीची जागा. मग उठून बसली आणि म्हणाली, "यात अब्बा कुठं झोपणार?"

मी माझ्या पोटाकडं बघितलं. मुद्दा बरोबर होता. कंपनीनं ही चार माणसं रोज्यांच्या शेवटच्या आठवड्यात मोजलेली दिसतात. तंबू परत करायचा ठरलं.

२६ एप्रिल, रविवार

तंबू हॉलमध्येच आहे. न्यायला आलेला माणूस म्हणाला, घडी असेल तरच नेणार. आलेले पाहुणे भिंतीला पाठ घासत सोफ्यापर्यंत पोहोचतात.

संध्याकाळी मी अंघोळीला गेलो. बाहेर आलो तर तंबू पिशवीत. करिमानं व्हिडिओ बघितला होता. ती यावर एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

५ मे, मंगळवार

मध्ये लिहायला सवड झाली नाही. अधिकाच्या आधी सगळ्यांना लग्नं उरकायची आहेत. रोज घरी येतो तेव्हा पोरं झोपलेली असतात आणि निघतो तेव्हाही झोपलेलीच. नौशीनची डायरी रोज चालू आहे म्हणे.

आज दुपारी वेळ काढला आणि सगळे मिळून भिगवण रोडच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सहा माणसांचा तंबू लावून दाखवला. हा वॉटरप्रूफ, हा विंडप्रूफ. मी खुंटी मागितली. त्यानं दिली ती दात कोरायला बरी होती. बांबूच्या जागी छत्रीसारख्या काड्या. मी विचारलं, "वारा सुटल्यावर हे कुणी धरायचं?" तो म्हणाला, "काका, हे वाकतं पण मोडत नाही." माझे मांडव वाकतही नाहीत, असं मी त्याला सांगितलं. नंतर वीस वर्षांचंही सांगितलं.

करिमानं मात्र तंबू उलटा करून शिवण बघितली. आमच्या सगळ्या झालरी तिच्या हातच्या असतात, तिला शिवणीत कुणी फसवू शकत नाही. ती म्हणाली, "शिवण बरी हाय. जाळी बारीक हाय, डास येणार न्हायत. खालचं कापड वरच्याला जोडलेलं हाय, विंचूकाट्याची काळजी न्हाय. हलका पण हाय. घेऊन टाका."

घेतला असता. पण आत शिरताना मान खाली घालावी लागते. मांडवात माणूस ताठ मानेनं शिरला पाहिजे, मग तो नवरदेव असो नाहीतर वाढपी.

तेवढ्यात नौशीन आत जाऊन झोपली आणि पुन्हा तेच, "अब्बा कुठं झोपणार?" जागा तर पुष्कळ होती. दुकानदारानं हात पसरून दाखवली. ती म्हणाली, "तसं न्हाय. अब्बा मधी झोपणार का कडंला?"

मी म्हणालो, "मी दाराशी. म्हणजे दोर बघायला उठलो तर तुमची झोप मोडायला नको."

ती उठली. बाहेर येऊन चपला घालू लागली. मी ओळखलं, पोरीला तंबू पसंत नाही. लहान आहे, पण माझी नजर घेतली आहे तिनं. आम्ही न घेताच निघालो. रिक्षात करिमा माझ्याकडं बघत होती, आणि त्या बघण्यात कौतुक नव्हतं.

८ मे, शुक्रवार

निर्णय झाला. तंबू मी स्वतः करणार. इतके दिवस कसं सुचलं नाही कळत नाही. लोखंडी पाइप नको, पोरं आहेत, म्हणून बारीक बांबू. वर पांढरं छत, बाजूला लाल कनात, पुढं कमान, आणि एका लग्नातून उरलेली सोनेरी झालर. उंची अशी की मी आत हात वर करून आळस देऊ शकेन. आणि लांबी-रुंदी एवढी की अब्बा कुठं झोपणार हा प्रश्नच कुणाला पडायला नको.

करिमाला माप सांगितलं. ती म्हणाली, "चार माणसांचा तंबू बघायला निघालेला माणूस चाळीस माणसांचा मांडव घालायला लागला." पण शिवायला बसली.

१४ मे, गुरुवार

आज मी गाढवपणा केला.

सांगवीच्या एका बागायतदाराचा फोन आला. त्यांना सात मुली, म्हणजे सात जावई. अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची इकडं पद्धत आहे. कणकेत पुरण भरून उकडतात, वर तूप सोडतात, जावयाला कपडे करतात, आणि महिनाभर गावोगावचे जावई सासरच्या निरोपाकडं कान लावून बसतात. या गृहस्थांनी सातही जावई एकाच दिवशी बोलावलेत. त्यांना मांडव पाहिजे. कधी, तर एकवीसला.

मी म्हणालो, "हो, होऊन जाईल." वीस वर्षांची सवय. फोनवर तारीख ऐकली की तोंडातून हो आपोआप पडतो. फोन ठेवल्यावर बघितलं तर करिमाची शिलाई मशीन थांबली होती.

नौशीन रडली असती तर मी समजूत घातली असती. ती रडली नाही. तिनं आठ दिवसांपासून भरून ठेवलेली पिशवी आणली आणि एकेक वस्तू जागेवर ठेवली. टॉर्च फळीवर, ब्रश मोरीत, दानिशची टोपी खुंटीला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "नईममामू म्हणलेत, ते परत धरणावर जाणार हायत. मी आणि दानिश मामूसंगं जाऊ का?"

मी म्हणालो, बघू. मला फार वाईट वाटलं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही, एका कमानीवर वराच्या जागी वधूचं नाव लावून आलो.

१५ मे, शुक्रवार

नमाजाहून आल्यावर सांगवीला फोन लावला. म्हणालो, "दादा, एकवीसला जमणार न्हाय. त्या दिवशी बुकिंग हाय."

"काल तर व्हय म्हणलात. कुणाचं बुकिंग?"

"घरचं."

"घरचं म्हंजी? अधिकात कसलं कार्य तुमच्याकडं?"

"पोरांना घेऊन तंबूत झोपायचंय."

 मग ते म्हणाले, "मकसूदशेठ, माझं सात जावई उन्हात बसवू का?" मी त्यांना एका दुसऱ्या मंडपवाल्याचा नंबर दिला. त्या माणसाच्या झालरी तिरक्या असतात. नंबर सांगताना जीभ जड झाली होती, पण सांगितला.

नौशीनला सांगितलं. ती म्हणाली, "लिवून ठेवा." एकवीस मे. नक्की. दुसऱ्यांदा.

१९ मे, मंगळवार

तात्याबानं गोडाउनात तंबू बघितला. भोवती एक फेरी मारली, झालर हातात धरून सोडली. त्याची माणसं एके काळी मेंढरं राखायची. म्हणाला, "मालक, आमच्या आबानं आक्खा जलम मेंढरांमागं उघड्यावर काढला. ह्याला लोकं हौसंनं जात्यात म्हणलं असतं तर म्हातारा हसून हसून पडला असता."

टेम्पो भरला. तंबू, दोन सतरंज्या, बल्बची माळ आणि थोड्या खुर्च्या. कमानीवर 'सुस्वागतम'चा बोर्ड लावूनच टाकला. बोर्डाशिवाय कमान बोडकी दिसते.

२२ मे, शुक्रवार

घरी आलो. नमाज झाली, जेवण झालं. आता सगळं नीट लिहितो, कारण नौशीन समोर बसून मी लिहितोय का बघते आहे.

काल दुपारी बावड्याला पोहोचलो. तात्याबाचं शेत रस्त्याला लागूनच आहे. त्याच्या बायकोनं, म्हाळसावहिनींनी, पोरांना ताक दिलं. मी आणि तात्याबानं तंबू उभा केला. लाल कनात, सोनेरी झालर, सुस्वागतम, विहिरीच्या मोटरवरून ओढलेली बल्बची माळ. मी रस्त्यापर्यंत चालत जाऊन मागं वळून बघितलं आणि माझा ऊर भरून आला. पूर्वेच्या कोपऱ्याची खुंटी भुसभुशीत मातीत जरा हलत होती. म्हटलं, चहा पिऊन ठोकू.

चहा होईपर्यंत रस्त्यावर माणसं थांबायला लागली. मोटारसायकलवरचा एक जण ओरडून म्हणाला, "तात्या, कार्य काय?"

तात्याबा म्हणाला, "काय न्हाय, मालकाच्या पोरांची मजा हाय."

कुणाचा विश्वास बसला नाही. अधिक महिना, सासऱ्याचं शेत, दारात मांडव, वर सुस्वागतम. तात्याबाची मुलगी सृष्टी, तिचं लग्न फेब्रुवारीतच झालं. मांडव अर्थातच माझा होता. लग्नानंतरचा तिचा हा पहिलाच अधिक. तात्याबा जावयाला पुढच्या आठवड्यात बोलावणार होता, पण ते गावाला ठाऊक नव्हतं. कुणीतरी जावयाला फोन केला की तुझ्या सासऱ्यानं मांडव घातलाय, कमान लावलीया, तू अजून घरी काय करतोस?

दिवस मावळायच्या आत जावई हजर. ऋषिराज नाव, काडीसारखा पोरगा, कडक इस्त्रीचा शर्ट, मागं सृष्टी. तो बरोबर सुस्वागतमच्या खाली येऊन उभा राहिला, वर बोर्डाकडं बघितलं, झालरीकडं बघितलं, आणि त्याचे डोळे भरले. म्हणाला, "मामा, एवढं कशाला केलं?"

म्हाळसावहिनींनी तात्याबाकडं बघितलं. तात्याबानं माझ्याकडं बघितलं. दारात पाव्हणा आला की मी काय करतो? खुर्ची ओढली आणि म्हणालो, "या जावईबापू, बसा. तुमचीच वाट बघत होतो." तोंडातून आपोआप पडलं, दुसरं काय.

मग कुणालाच काही करता येईना. म्हाळसावहिनी आणि करिमा चुलीपाशी पळाल्या. डाळ शिजायला टाकली, गूळ शेजारून आला. करिमानं जन्मात धोंडे केले नव्हते. ती म्हणाली, "झालर दुमडायला येती, मग कणीक दुमडायला काय." तिचे धोंडे इतके नीट निघाले की आलेल्या बायका हातात धरून बघत होत्या. हो, बायकाही आल्या. खुर्च्या बारा होत्या, त्या भरल्या आणि सतरंज्याही भरल्या. तात्याबाकडं जावयाला करायला कपडे नव्हते. करिमानं माझा फोटोसाठी आणलेला नवा शर्ट काढून दिला. ऋषिराज त्यात दोनदा मावला असता. त्यानं तो इस्त्रीच्या शर्टावरून घातला आणि शेवटपर्यंत काढला नाही.

दानिशनं जावयाच्या मांडीवर बसून तीन धोंडे खाल्ले आणि त्याला विचारलं, "तू रोज येनार का?"

नौशीन कमानीच्या बांबूला टेकून उभी होती. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो.

जेवणं झाली, माणसं पांगली, आणि तात्याबा मला बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाला, "मालक, आता जावयाला भाईर कसं झोपवायचं? त्यो मांडव आपल्यासाठीच हाय म्हणतोय."

 दोन आठवडे खपून पोरांसाठी केलेला तंबू. मी नौशीनपाशी गेलो, खाली बसलो.  म्हणालो, "बेटा, पाव्हणे हायत. त्यांना आत झोपू दे का?"

तिनं विचार केला. "मग आपण कुठं?"

"बाहेर. लिंबाखाली."

"तुमी पण?"

"मी पण."

"मग झोपू दे की," ती म्हणाली आणि सतरंजी ओढत लिंबाखाली निघालीसुद्धा. मला वाटलं होतं रडेल. लहान पोरांचं काही सांगता येत नाही.

जागा तिनंच लावल्या. अम्मी त्या कडेला, मग नौशीन, मग अब्बा, मग दानिश. मी कडेला सरकायला लागलो तर म्हणाली, "न्हाय, अब्बा मधी." दानिशचं डोकं माझ्या दंडावर, नौशीनचा पाय माझ्या पोटावर. तिनं मला तिच्या डायरीत काढलेलं एक चित्र समजावून सांगितलं, मग शाळेतल्या एका भांडणाची हकीकत, मग एक कोडं, ज्याचं उत्तर तिलाच आठवेना.

ती झोपली असं वाटलं, आणि वारा सुटला. पूर्वेच्या कोपऱ्याचा दोर सैल झाल्याचा आवाज आला. हा आवाज मी झोपेतही ओळखतो. दोर एकदा फट करून वाजतो, मग थांबतो, मग दोनदा वाजतो. त्यानंतर खुंटी येते. चहा पिऊन ठोकायची राहिली होती ती.

मी हळूच उठायला लागलो.

"कुठं चाललाय?" नौशीन जागीच होती.

"दोर बघून येतो."

"बरं," ती म्हणाली, आणि मला उठता यावं म्हणून तिनं आपला पाय माझ्या पोटावरून काढून घेतला. नीट, आवाज न करता. रोजची सवय असल्यासारखा.

मी तसाच अर्धा उठून राहिलो. दोर दोनदा वाजला. मग मी परत आडवा झालो, तिचा पाय उचलला आणि होता तिथं पोटावर ठेवला. खुंटी निघाली. पूर्वेचा कोपरा बसला, मग शेजारचा, मग छत, कनात, झालर, सुस्वागतम, सगळं सावकाश जावईबापूंच्या अंगावर जाऊन पडलं. बारीक बांबू आणि कापड, लागण्यासारखं काही नव्हतं. आतून घोरण्याचा आवाज तसाच चालू राहिला.

करिमा अंधारात म्हणाली, "पडला तुमचा मांडव."

मी म्हणालो, "पडू दे."

सकाळी ऋषिराज कापडाखालून रांगत बाहेर आला. गळ्यात सोनेरी झालर, अंगात माझा शर्ट. तात्याबाच्या पाया पडला आणि म्हणाला, "मामा, झोप लय भारी लागली. मांडव तुमी पहाटंच उतरवला व्हय?" सृष्टी आईपाशी घरात झोपली होती, ती दारात उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती. 

जुम्म्याला पोहोचायचं म्हणून आम्ही लवकर निघालो. इंदापूर सोडल्यावर मी नौशीनला म्हणालो, "पुढच्या वर्षी तुला पसंत पडेल असा तंबू बघू. दुकानातला तो सहा माणसांचा तुला आवडला नव्हता."

ती म्हणाली, "आवडला होता की."

"मग तू बाहेर येऊन चपला का घातल्यास?"

"तुमी दाराशी झोपणार म्हणलात."

करिमा खिडकीतून बाहेर बघत होती.  मी निमगावला टेम्पो बाजूला घेतला, भिगवण रोडच्या दुकानात फोन लावला आणि सांगितलं, तो सहा माणसांचा बाजूला काढून ठेवा.

दुकानदारानं मला आवाजावरून ओळखलं. म्हणाला, "काका, पण त्यात मान खाली घालावी लागते."

मी म्हणालो, "घालतो. मी मधे झोपणार आहे."